क्लँगनं कर्नल कंपाइल करून सीएफआय चालू केलं तं रेडिओचा ड्रायव्हर पडून राहिला, कंपायलर कोणता धरू?

पऱ्हाटीतला_पेंग्विन:

नमस्कार राजेहो, जरा लांबलचक हाय पण निवांत वाचजा. दारव्ह्याच्या बाजूनं एक शेतकरी उत्पादक कंपनी हाय, त्यायच्यासाठी मी एक डबा तयार करून राहिलो, विहिरीवरच्या मोटारी चालू-बंद करणारा अन् वावरातल्या ओलीचे रीडिंग गोळा करणारा. आत एआरएम६४ बोर्ड, चार कॉर्टेक्स-ए७२ कोर, कर्नल ६.६, अन् लांब पल्ल्याचा एक रेडिओ जो कर्नलले नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसते. त्या रेडिओचा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये, म्हणजे कर्नलच्या मुख्य सोर्समध्ये, नाई, ज्यायनं रेडिओ विकला त्यायनंच सोर्स देल्ला.

भीती कायची, तं हा ड्रायव्हर हवेतून आलेलं पॅकेट थेट कर्नलमध्येच उलगडून पाहते. धुऱ्यावर उभं राहून कोणी वाकडं पॅकेट सोडलं अन् त्या सी कोडात कुठं बफर ओव्हरफ्लो निघाला, तं फंक्शन पॉइंटर बदलून तो माणूस कर्नलातलं पाहिजे ते चालवू शकते, अन् याच डब्याच्या भरवशावर रात्रीच्या लाइनीत लोकायच्या मोटारी चालू होतात. म्हणून सीएफआय, म्हणजे कंट्रोल फ्लो इंटिग्रिटी, जे पॉइंटरमधून होणारी उडी बराबर ठिकाणी पडते का ते चालतानाच तपासते, ते पाहिजेच असं मी ठरवलं.

जीसीसी या नेहमीच्या कंपायलरनं कंपाइल केलेला कर्नल बराबर चालते. मंग क्लँग १७ हा दुसरा कंपायलर घेतला, मेकले एलएलव्हीएम=१ देल्लं, कॉन्फिगमध्ये सीएफआय_क्लँग अन् परतीचा पत्ता राखणारं शॅडो_कॉल_स्टॅक दोन्ही चालू केले. बूट होते, मॉड्यूल लोड होते, इंटरफेस वर येते, अन् पहिलं पॅकेट पाठवलं का पॅनिक. सिरियलवर असं येते: सीएफआय फेल्युअर अ‍ॅट डेव्ह_हार्ड_स्टार्ट_एक्समिट, टार्गेट म्हणून रेडिओच्या ट्रान्समिट फंक्शनचं नाव, पुढं एक्स्पेक्टेड टाइप अन् एक हेक्स आकडा.

विकणारे म्हणतात का जीसीसीत चालते म्हणजे ड्रायव्हर ठीक हाय, क्लँगच खराब, सीएफआय बंद करा. दुसरा एक जण म्हणे का जीसीसीतही ब्रँच प्रोटेक्शनचा फ्लॅग हाय, तो लाव, तेच काम होते. खरंच तेच काम होते का? मले संचालकायले सांगा लागते का पुढचे डबे कोणत्या कंपायलरच्या कर्नलवर काढायचे, अन् एकदा डबे वावरात बसले का मंग हंगाम संपेपर्यंत कोणी हात लावू देत नाई.

सातपुडा_६४:

क्लँग बरोबर आहे भाऊ, चूक ड्रायव्हरमध्येच आहे, आणि तुला आलेला लॉग ती चूक कुठं आहे ते नावासकट सांगून राहिला.

६.१ पासून कर्नलमध्ये जे आहे त्याला केसीएफआय म्हणतात. ज्या फंक्शनचा पत्ता पॉइंटरमध्ये जाऊ शकतो त्याच्या लगेच आधी कंपायलर चार बाइटांचा एक हॅश लिहून ठेवतो. हा हॅश फंक्शनच्या प्रोटोटाइपचा असतो, म्हणजे रिटर्न टाइप काय, पॅरामीटर कोणते, बस. आणि पॉइंटरमधून जिथं जिथं कॉल होते तिथं कॉलच्या आधी पाच-सहा इन्स्ट्रक्शन जास्तीच्या येतात, समोरच्या फंक्शनच्या आधीचा हॅश वाचायचा, मला पाहिजे त्या हॅशशी जुळवायचा, जुळला तर जा, नाही जुळला तर ब्रेक इन्स्ट्रक्शन. बैलबाजारात जसा कानातला बिल्ला पाहिल्याशिवाय व्यवहार होत नाही तसं. एआरएम६४ वर त्या ब्रेकच्या आकड्यातच लिहून असते की पत्ता कोणत्या रजिस्टरमध्ये होता आणि पाहिजे असलेला टाइप कोणत्या, म्हणून तर लॉगमध्ये टार्गेटचं नाव आणि एक्स्पेक्टेड टाइप इतकं साफ येते.

आता नेटवर्क कोअर तुझ्या ड्रायव्हरला एनडीओ_स्टार्ट_एक्समिट या पॉइंटरमधून बोलावते आणि त्या पॉइंटरचा रिटर्न टाइप नेटडेव्ह_टीएक्स_टी आहे. ड्रायव्हर उघड आणि ट्रान्समिट फंक्शनची पहिली ओळ पाय. माझा अंदाज, तिथं स्टॅटिक इंट लिहून असेल.

पऱ्हाटीतला_पेंग्विन:

इंटच हाय भाऊ! नेटडेव्ह_टीएक्स_टी केलं अन् रेडिओ बोलाले लागला, वावरातल्या सेन्सरचं रीडिंगही येऊन राहिलं. पण मले एक नाई समजलं, पॉइंटरचा टाइप वेगळा अन् फंक्शनचा वेगळा, तं जीसीसीनं एकही वॉर्निंग काहून नाई देल्ली? क्लँगनंही कंपाइल करतेवेळी काई नाई म्हटलं, सीधा चालतानाच पडला.

सातपुडा_६४:

कारण सी भाषेच्या नियमानं ते दोन टाइप चालून जातात. नेटडेव्ह_टीएक्स हा एनम, म्हणजे नावं दिलेल्या आकड्यांचा टाइप, आहे आणि त्याच्यात मुद्दाम एक किमान किंमत टाकलेली आहे, इंट_मिन, म्हणजे कंपायलरला तो एनम साइन्ड इंटमध्येच ठेवावा लागते. मग इंट परत देणारं फंक्शन आणि तो एनम परत देणारं फंक्शन, दोन्ही सीच्या हिशोबानं सुसंगत, वॉर्निंग कायची येईल. पण केसीएफआयचा हॅश टाइपच्या नावावरून निघते, सी++ मध्ये जसं नावाचं मँगलिंग होते तसं करून त्याचा हॅश, आणि तिथं इंट वेगळा, एनम वेगळा. मेनलाइनमधले कितीतरी ड्रायव्हर याच एका ओळीसाठी दुरुस्त झाले आहेत, ग्राफिक्सवाल्यांच्या मोड_व्हॅलिडमध्येही हेच होतं, तिथं ड्रायव्हरनं इंट लिहिलेलं आणि पॉइंटरला एनम पाहिजे.

बोर्डावर पडण्याची वाट पाहू नको. क्लँग १६ पासून एक फ्लॅग आहे, डब्ल्यू-इनकम्पॅटिबल-फंक्शन-पॉइंटर-टाइप्स-स्ट्रिक्ट, तो केसीफ्लॅग्समधून, म्हणजे मेकला द्यायच्या जास्तीच्या कंपायलर फ्लॅगमधून, दे म्हणजे असल्या सगळ्या जागा कंपाइल करतानाच दिसतात. पण कोणी मध्ये कास्ट मारून ठेवला असेल तर तो फ्लॅग गप्प राहते, त्याच्यासाठी डब्ल्यू-कास्ट-फंक्शन-टाइप-स्ट्रिक्ट वेगळा लावावा लागते. विकत आलेल्या ड्रायव्हरमध्ये इनिट_वर्कला वर्क_फंक_टी असा कास्ट करून भलतंच फंक्शन दिलेलं मी पाहिलं आहे, ते आठवड्यातून एखाद वेळी चालते आणि पडते तेव्हा कोणाला काही सुचत नाही.

आणि आता ट्रान्समिट फंक्शन उघडलंच आहे तर आतलेही रिटर्न पाय. तिथं ओके नाहीतर बिझी एवढंच परत जायला पाहिजे. कुठं उणे ईनोमेम (मेमरी नाही) वगैरे एरर परत देत असेल तर कोअर समजते की पॅकेट ड्रायव्हरनं संपवलं, आणि ड्रायव्हरनं ते मोकळं केलं नसेल तर दर वेळी थोडी मेमरी गळते. महिनाभर चालू राहणाऱ्या डब्यात हे महागात पडते.

वैनगंगा_कर्नल:

दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहिते, मी फोनच्या कर्नलवर काम करते आणि कंपायलरचाच भाग पाहते.

ब्रँच प्रोटेक्शनचा फ्लॅग लावला की तेच काम होते, हे तुमच्या बोर्डासाठी साफ चुकीचं आहे, आणि हे संचालकांना समजावून सांगा कारण कागदावर दोन्ही कॉलममध्ये टिकमार्क दिसतो. जीसीसी काय किंवा क्लँग काय, त्या फ्लॅगनं पॅक आणि बीटीआयच्या इन्स्ट्रक्शन टाकतात. पॅक म्हणजे परतीच्या पत्त्यावर सही, ती एआरएमच्या ८.३ आवृत्तीत आली, बीटीआय म्हणजे उडी फक्त खुणेच्या जागीच पडली पाहिजे, ते ८.५ मध्ये. कॉर्टेक्स-ए७२ हा ८.० चा कोर आहे. या इन्स्ट्रक्शन मुद्दामच हिंटच्या जागेत बसवलेल्या आहेत म्हणजे जुना प्रोसेसर त्यांना नोप, म्हणजे काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन, समजून पुढं जातो, म्हणून कर्नल बूट होतो, चालतो, कॉन्फिगमध्ये वाय दिसतो आणि संरक्षण शून्य. ए७६ वाला नवा बोर्ड घेतला तरी तो ८.२, तिथंही हेच.

म्हणून कोणता कंपायलर हे विचारायच्या आधी दोन वेगळे प्रश्न विचारा. पॉइंटरमधून होणारा कॉल कोण तपासते, आणि फंक्शनमधून परत जायचा पत्ता कोण राखते. पहिल्याला फॉरवर्ड एज म्हणतात, दुसऱ्याला बॅकवर्ड एज, आणि कंपायलरांचं दोन्हीकडचं काम सारखं नाही.

फॉरवर्डमध्ये सॉफ्टवेअरनं, म्हणजे प्रोसेसरची मदत न घेता, टाइप तपासणारा कंपायलर मेनलाइन कर्नलसाठी आजवर क्लँगच राहिला. पहिले जे आलं ते एलटीओवर, म्हणजे लिंक करताना सगळ्या कोडाचं एकदम ऑप्टिमायझेशन करण्यावर, उभं होतं, २०१८ च्या पिक्सेल ३ मध्ये गुगलनं ते फोनच्या कर्नलात दिलं, मेनलाइनमध्ये ५.१३ ला २०२१ मध्ये एआरएम६४ साठी शिरलं. ते वापरलेल्या माणसाला विचारा. सगळा कर्नल लिंक करताना एकदम मेमरीत, फंक्शनचा पत्ता घेतला तर खरा पत्ता न मिळता जंप टेबलचा मिळायचा, मॉड्यूल आणि कर्नल दोघांनी एकाच फंक्शनचा पत्ता घेतला तर तुलना फसायची, त्यासाठी कोडात जागोजागी खास मॅक्रो. २०२२ च्या शेवटी ६.१ मध्ये केसीएफआय आलं आणि हा सगळा पसारा गेला. एलटीओ लागत नाही, पत्ता खरा राहतो, मॉड्यूल वेगळं कंपाइल करता येते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर कर्नल निघतो, आणि लाइन गेली तर जेवढ्या ऑब्जेक्ट फाइल झाल्या तेवढ्या झाल्या, मेक पुन्हा लावलं की उरलेलं पुढं सुरू. गावात बसून काम करणाऱ्यासाठी याची किंमत मोठी आहे.

जीसीसीकडं केसीएफआयचे पॅचेस २०२५ मध्ये चर्चेला आले, काम चालू आहे, पण वावरात जाणाऱ्या डब्याचा निर्णय आज चर्चेतल्या पॅचवर घेऊ नका. जीसीसीत कधीच काही नव्हतं असंही नाही बरं का, कर्नलच्या सुरक्षेचे वेगळे पॅचेस देणाऱ्या ग्रसिक्युरिटीवाल्यांनी २०१६ मध्येच जीसीसीच्या प्लगइनमधून आरएपी नावाचं त्यांचं सीएफआय दाखवलं होतं, टाइपचा हॅश फंक्शनच्या आधी ठेवायची कल्पना तिथंही होती, पण २०१७ पासून त्यांचे पॅचेस सगळ्यांसाठी खुले राहिले नाहीत.

बॅकवर्डमध्ये मात्र जीसीसी मागे नाही. शॅडो कॉल स्टॅक म्हणजे परतीचा पत्ता नेहमीच्या स्टॅकवर तर असतोच, त्याची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायची आणि परत जाताना त्या प्रतीवरच विश्वास ठेवायचा, त्या जागेचा पत्ता एक्स१८ या रजिस्टरमध्ये. क्लँगसाठी कर्नलमध्ये ते ५.८ ला आलं, जीसीसीत १२ व्या आवृत्तीत, आणि कर्नलनं ५.१८ पासून जीसीसीचंही घेतलं. याला प्रोसेसरची काहीच मदत लागत नाही, ए७२ वर पूर्ण चालते. तर तुमच्या बोर्डासाठी माझं मत स्पष्ट आहे, क्लँग, केसीएफआय, शॅडो कॉल स्टॅक. जीसीसीवर राहिलात तर परतीचा पत्ता राखला जाईल पण फंक्शन पॉइंटर उघडा राहील, आणि तुम्हाला भीती नेमकी फंक्शन पॉइंटरचीच आहे.

धुऱ्यावरचा_रूट:

ताई, सगळं पटलं पण इतका जीव काढून फायदा किती? कर्नलात मेमरी लिहायची जागा सापडली का हल्लेखोर फंक्शन पॉइंटरकडं पाहतही नाही. स्वतःच्या प्रोसेसच्या क्रेडमध्ये, म्हणजे अधिकारांच्या नोंदीत, यूआयडी शून्य करून रूट होतो, नाहीतर मॉडप्रोब_पाथ, म्हणजे कर्नल स्वतः रूटनं चालवतो त्या प्रोग्रामचा पाथ, बदलून आपली स्क्रिप्ट रूटनं चालवतो. कंट्रोल फ्लो जसाच्या तसा, सीएफआयला पत्ताच नाही. शिवाय एकाच प्रोटोटाइपची शेकडो फंक्शन कर्नलात असतात, स्ट्रक्ट डिव्हाइसचा पॉइंटर घेऊन इंट परत देणारी किती ते मोजून पाहा, त्यातल्या कोणत्याहीवर उडी मारली तरी हॅश जुळतोच. माझं म्हणणं, पहिले ते पॅकेट उलगडायचं काम कर्नलातून काढून यूजरस्पेसमध्ये टाक.

वैनगंगा_कर्नल:

दादा, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि तिसरा तर सगळ्यात चांगला. पॅकेट उलगडणं यूजरस्पेसमध्ये गेलं पाहिजे, त्यानं जेवढा धोका जाईल तेवढा कोणत्याच कंपायलर फ्लॅगनं जात नाही. पण ते एका हंगामाचं काम आहे आणि डबे तर पेरणीच्या आधी बसवायचे असतील.

डेटावरच्या हल्ल्याबद्दल एवढंच म्हणते की त्यासाठी हल्लेखोराला पाहिजे त्या पत्त्यावर पाहिजे ते लिहिता आलं पाहिजे. रेडिओवरून येणारा ओव्हरफ्लो बहुतेक वेळा असा नसतो, शेजारच्या ऑब्जेक्टवर काही बाइट सांडतात, आणि त्या शेजारी कॉलबॅकचा पॉइंटर असला तर एवढ्याशा सांडण्यातून पुढची पायरी मिळते. ती पायरी केसीएफआय काढून घेते. मॉडप्रोब_पाथचं म्हणाल तर स्टॅटिक_यूजरमोडहेल्पर चालू करून तो रस्ता वेगळा बंद करता येतो, तोही करा.

आणि पेंग्विन भाऊ, सगळं चालू आहे का हे कॉन्फिग पाहून मानू नका. एका टेस्ट कर्नलमध्ये एलकेडीटीएम, म्हणजे मुद्दाम क्रॅश घडवून पाहायचं मॉड्यूल, घाला, मग डीबगएफएसमधल्या प्रोव्होक-क्रॅशच्या डायरेक्ट फाइलमध्ये सीएफआय_फॉरवर्ड_प्रोटो हे शब्द लिहा. तो मुद्दाम चुकीच्या प्रोटोटाइपचा कॉल करतो. ऊप्स - सीएफआय आलं म्हणजे पहारा जागा आहे, फेल सर्व्हाइव्ह्ड असं आलं तर नाही. सीएफआय_बॅकवर्ड पण आहे, परतीच्या पत्त्यासाठी. बोर्डावरच करा, क्युमू या एम्युलेटरात नको, क्युमू पॅक असलेला प्रोसेसर दाखवू शकतो आणि तुमची फसगत होईल. जे डबे वावरात जातील त्यात एलकेडीटीएम ठेवू नका.

पऱ्हाटीतला_पेंग्विन:

ताई, केलं. जीसीसीच्या जुन्या कर्नलवर फेल सर्व्हाइव्ह्ड आलं, क्लँगच्या कर्नलवर ऊप्स. दोन्ही लॉगच्या प्रिंट काढून उद्याच्या मीटिंगले नेतो, संचालकायले आता मले काई वेगळं सांगा लागत नाई.

अजून दोन गोष्टी राहिल्या. ऑफिसातला कॉम्प्युटर जुना हाय, इंटेलचा आठव्या पिढीतला, त्याच्यावर डिस्ट्रोचा लिनक्स हाय, तिथं काई करा लागते का? अन् डब्यात एक फोरजी मोडेम लागते, यूएसबीचा, त्याच्या विकणाऱ्यानं सोर्स नाई देल्ला, नुसती तयार .केओ फाइल, म्हणजे मॉड्यूलच, देल्ली जीसीसीनं कंपाइल केलेली. ती इन्समॉड केली का लगेच सीएफआय फेल्युअर, टार्गेट त्याच मॉड्यूलचं इनिट फंक्शन. सीएफआय_परमिसिव्ह चालू केलं तं लोड होते. तसंच ठेवू का?

सातपुडा_६४:

परमिसिव्ह ठेवू नको. त्याच्यात चूक सापडली की लॉग लिहून कॉल होऊ देतात, ते आपल्याला ड्रायव्हर साफ करताना कामाचं आहे, पण वावरात तो पहारा नाही, नुसती नोंदवही आहे. आणि एकट्या मोडेमसाठी नाही, अख्ख्या कर्नलसाठी ढिला होते.

त्या .केओचं काय होऊन राहिलं ते पण पाय. कर्नल इनिट फंक्शनलाही पॉइंटरमधूनच बोलावते, आणि जीसीसीनं हॅश लिहिलेलाच नाही, तर आधीच्या चार बाइटात जे काही पडलं आहे तेच वाचल्या जाते. पण त्याच्याहून वाईट दुसरंच आहे. शॅडो कॉल स्टॅक चालू असला की अख्ख्या कर्नलानं एक्स१८ ला हात लावायचा नाही अशी अट असते, आपण कंपाइल करतो तेव्हा तो फ्लॅग आपोआप लागते. तुझी ती फाइल त्या अटीशिवाय कंपाइल केली असेल तर ती एक्स१८ साध्या रजिस्टरसारखं वापरून टाकेल आणि परतीचे पत्ते ठेवायची जागाच हरवेल. परमिसिव्हनं हे झाकल्या जात नाही. ऑब्जडम्पनं फाइल उघडून एक्स१८ शोध, दिसेलच बहुतेक.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं वैनगंगा ताई जास्त सांगतील, पण मला वाटते तिथं डिस्ट्रोचा कर्नल वेळेवर अपडेट होत राहिला तर बस आहे.

वैनगंगा_कर्नल:

हो, तिथं कर्नल बदलू नका. आठव्या पिढीत आयबीटी, म्हणजे इंटेलची बीटीआयसारखी सोय, नाही, ते इंटेलच्या अकराव्या पिढीच्या टायगर लेकपासून आलं आणि कर्नलमध्ये ५.१८ पासून वापरात आहे. एएमडीच्या झेन ३ मध्ये शॅडो स्टॅक आहे पण आयबीटी नाही, हेही खरेदी करताना लोक गोंधळतात. आयबीटी फक्त एवढंच पाहते की उडी एंडबीआर इन्स्ट्रक्शनवर पडली का, टाइप पाहत नाही, म्हणून ६.२ मध्ये फाइनआयबीटी आलं, त्यात हॅशची तपासणी बोलावलेल्या फंक्शनच्या दारात होते, पण त्यालाही कर्नल केसीएफआयनं म्हणजे क्लँगनंच कंपाइल झालेला लागतो आणि बहुतेक डिस्ट्रो जीसीसीनंच देतात. बूटमधली कॉन्फिग फाइल ग्रेप करून पाहा, सीएफआय_क्लँग चालू असल्याची ओळ बहुतेक सापडणार नाही. परतीच्या पत्त्यासाठी तर एक्स८६ कर्नलात स्टॅक कॅनरीपलीकडं, म्हणजे स्टॅकवर ठेवलेला खुणेचा आकडा बदलला का ते पाहण्यापलीकडं, फार काही नाही, ६.६ मध्ये आलेला शॅडो स्टॅक यूजरस्पेसच्या प्रोग्रामसाठी आहे, कर्नलच्या स्वतःच्या स्टॅकसाठी नाही. विंडोज ११ नं २२एच२ मध्ये कर्नलच्या स्टॅकसाठी ते दिलं, लिनक्सवाल्यांनी यात अजून पुढं यायला पाहिजे असं मला मनापासून वाटते.

मोडेमची ती तयार फाइल टाकूनच द्या. यूएसबीचे फोरजी मोडेम बहुतेक क्यूएमआय नाहीतर एमबीआयएम बोलतात आणि दोन्हीचे ड्रायव्हर मेनलाइनमध्येच आहेत, क्यूएमआय_डब्ल्यूवॅन आणि सीडीसी_एमबीआयएम. एलएसयूएसबीमध्ये दिसणारा व्हेंडर आणि प्रॉडक्टचा आकडा इथं टाका. ड्रायव्हरच्या ओळखीच्या आकड्यांच्या टेबलमध्ये असला तर तो ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये चालू करून तुमच्याच क्लँगनं कंपाइल करायचा, नसला तर टेबलमध्ये एक ओळ वाढवायची असते, ती मी लिहून देते.